एक बिघाड, एक ओळ

लिफ्ट बसवणाऱ्या आणि सांभाळणाऱ्या त्या कंपनीत गुणवत्ता विभागाच्या प्रमुख बाईंना सगळे तोंडावर मॅडम म्हणत आणि पाठीमागे चक्रीबाई. नाव काही उगाच पडलं नव्हतं. कुठलीही अडचण समोर आली की बाई आधी एक गोल काढायच्या, त्याचे चार भाग करायच्या आणि त्यात लिहायच्या: ठरवा, करा, तपासा, सुधारा. जिन्यातला दिवा सारखा का जातो इथपासून मेकॅनिक लोक हातमोजे का घालत नाहीत इथपर्यंत सगळं त्यांनी या गोलात घालून फिरवलं होतं. सुधारणा एका दमात होत नसते, चक्र फिरवत राहायचं असतं, हे त्यांचं वाक्य ऑफिसात इतकं पाठ झालं होतं की कॅन्टीनवाला गार चहा दिल्यावर निर्लज्जपणे म्हणायचा, "पुढच्या चक्रात घेतो, मॅडम."

त्या बुधवारी सकाळी बाई चहा प्यायल्याच नाहीत. दुपारी चार वाजता त्यांना बाराव्या चक्राच्या कागदावर सही करायची होती, आणि सकाळपासून त्या आधीचे अकरा कागद पुन्हा पुन्हा चाळत होत्या.

प्रकरण असं होतं. नऊ महिन्यांपूर्वी कंपनीने तक्रारींचा फोन माणसाच्या हातून काढून एआयच्या हाती दिला. फोन तोच उचलायचा, बाईच्या गोड आवाजात बोलून तक्रार ऐकून घ्यायचा आणि ठरवायचा: ही तातडीची की साधी, मेकॅनिक आज धाडायचा की महिन्याच्या फेरीत गेला तरी चालेल. ऑफिसने त्याचं नाव ठेवलं जावई. कारण त्याचं सगळं मनापासून करायचं, त्याची खोली गार ठेवायची, आणि त्याला उलटून बोलायची काही सोय नव्हती. त्याला वाढवणारी इंजिनिअर बाई पस्तिशीची, काटकुळी आणि भरभर बोलणारी होती. ती अर्थातच सासूबाई झाली.

जावयाने मनाला येईल तसं वागू नये म्हणून कंपनीने देखरेख समिती नेमली, आणि अशा समित्यांचं जे होतं तेच झालं, सगळं काम एकट्या चक्रीबाईंच्या गळ्यात पडलं. त्यांनी लगेच गोल काढला. दर तीन आठवड्यांनी एक चक्र. प्रत्येक चक्रात पन्नास तक्रारी उचलायच्या, तीन माणसांनी त्यांचे मूळ आवाज ऐकायचे आणि जावयाचा निर्णय बरोबर होता का ते ठरवायचं. अकरा चक्रं झाली होती. अकरा कागदांवर "तपासा" या भागाखाली बाईंची सही होती. पन्नासात एकोणपन्नास बरोबर, कधी पन्नासच्या पन्नास. आजची बारावी सही झाली की तपासणारी तीन माणसं दुसऱ्या कामाला लागणार होती आणि जावई सगळ्या शाखांमध्ये जाणार होता. बाईंची या संपूर्ण बदलाच्या कार्यक्रमाच्या प्रमुखपदी बढती होणार होती, तीही याच सहीवर.

मग बाई शोधत काय होत्या? तेच तर त्यांना कळत नव्हतं. आकडा चांगला होता. फार चांगला होता. बावीस वर्षांत बाईंनी एकही बिघाड असा शहाण्या मुलासारखा सरळ रेषेत कमी होताना पाहिला नव्हता.

साडेदहाला आत्याचा फोन आला.

आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण, गणिताची निवृत्त मास्तरीण, सहाव्या मजल्यावर एकटी राहणारी. तिचे दोन्ही गुडघे कामातून गेले होते आणि जीभ मात्र पूर्ण कामात होती. तिच्या इमारतीत लिफ्ट याच कंपनीची होती, चक्रीबाईंच्याच शिफारशीने बसवलेली, आणि त्याबद्दल त्यांना दर रविवारी ऐकून घ्यावं लागे.

"हे बघ," आत्या म्हणाली, "तू सांगितलंस तसं मी केलं."

"मी काय सांगितलं होतं?"

"पुन्हा तक्रार कर, म्हणालीस. तीन रविवार तेच म्हणालीस. केली. काल चौथ्यांदा केली. चारही वेळा तुमच्या त्या साखरेच्या आवाजाच्या बाईने निरोप धाडला, आपल्या तक्रारीचं निवारण झालं आहे. आता मला एवढंच सांग, निवारण झालं असेल तर ही लिफ्ट मला अजून पायरी का चढायला लावते?"

"किती वर थांबते?"

"आधी दोन बोटं वर थांबायची. मग चार. मी प्रत्येक वेळी मोजून सांगितलंय, अंदाजाने नाही. आणि काल मी आत पाय ठेवला तर दार उघडं असतानाच जराशी खाली गेली. माझ्या पायाखालून."

चक्रीबाईंच्या हातातलं पेन थांबलं. दार उघडं असताना लिफ्ट हलली म्हणजे ब्रेक धरत नाही, हे लिफ्टच्या धंद्यातल्या नवख्या माणसालाही समजावून सांगावं लागत नाही.

"आत्या, आज लिफ्टमध्ये पाऊल टाकू नकोस."

"आणि डॉक्टरकडे जाऊ कशी? वरून दोरी सोडतेस?"

"डॉक्टरांना फोन कर, उद्या येते म्हण. मी बघते."

"बघते, बघते. तुमच्याकडे सगळे बघतातच," असं म्हणून आत्याने फोन ठेवला.

बाई तडक सासूबाईच्या खोलीत गेल्या. आत्याच्या इमारतीचं नाव सांगितलं. पडद्यावर एकच ओळ आली. पाच आठवड्यांपूर्वीची. लिफ्ट मजल्यापेक्षा किंचित वर थांबते. वर्ग, साधी. फेरीत मेकॅनिक गेला, स्क्रू पिळला, तक्रार बंद.

"आणि बाकीच्या तीन?" बाईंनी विचारलं.

"त्या ह्याच ओळीला जोडल्यात. तीच इमारत, तीच लिफ्ट, तोच बिघाड. एक बिघाड, एक ओळ. तुमचाच नियम, मॅडम." सासूबाईने कौतुकाने सांगितलं. "आम्हाला तो घालावाही लागला नाही. जुन्या नोंदी वाचून त्याचा तो शिकला."

"जोडली की पुढे काय होतं?"

"ओळ बंद झालेली असते ना. म्हणून निवारण झाल्याचा निरोप जातो."

बाईंना पुढचा प्रश्न विचारायचा नव्हता. तरी त्यांनी विचारला.

"आपण तपासायला पन्नास तक्रारी काढतो त्या कशातून काढतो?"

"ओळींतून."

"जोडलेल्या तक्रारी त्यात येतात?"

सासूबाईची बोटं कळफलकावरून उचलली गेली. "नाही," ती पहिल्यांदाच हळू बोलली. "त्यांना ओळच नाही."

बाहेरच्या मोठ्या खोलीत, पाण्याच्या यंत्राच्या वर, एक पितळी पाटी पंधरा वर्षं लटकत होती: एक बिघाड, एक ओळ. ती चक्रीबाईंची पहिली मोठी सुधारणा. तेव्हा एक लिफ्ट अडकली की त्या इमारतीतून सात जण फोन करायचे आणि रजिस्टरमध्ये सात ओळी पडायच्या. महिन्याचा हिशेब लागायचा नाही, वरिष्ठ बोंब मारायचे. बाईंनी गोल काढला, आणि ठरलं की त्याच बिघाडाचा पुन्हा फोन आला तर नवी ओळ लिहायची नाही, जुन्या ओळीपुढे नुसतं टिंब द्यायचं. तक्रारी निम्म्यावर आल्या. टाळ्या पडल्या, पाटी लागली. त्या रजिस्टरांवरूनच पुढे कॉम्प्युटरच्या नोंदी झाल्या, त्या नोंदींवर जावई वाढला. टिंबं काही कोणी टाइप केली नाहीत. टिंबाला टाइप काय करणार?

पण मग पंधरा वर्षं सगळं नीट कसं चाललं होतं? टिंब दिल्यावर आत्तासारखंच सगळं गप्प व्हायला हवं होतं. बाईंनी फोनवाल्या काकूंना फोन लावला. काकूंनी सव्वीस वर्षं तक्रारींचा फोन उचलला होता, आणि जावई यायच्या आधीच्या वर्षी त्या निवृत्त झाल्या होत्या.

"काकू, एक सांगा. त्याच लिफ्टचा दुसऱ्यांदा फोन आला तर तुम्ही काय करायचात?"

"टिंब द्यायचे. तूच सांगितलं होतंस."

"आणि मग?"

"मग काय? उठायचे."

"उठायचे म्हणजे?"

"अगं, खुर्चीवरून उठायचे आणि मेकॅनिकच्या टेबलापाशी जाऊन उभी राहायचे. तो पिशवी उचलून बाहेर पडेपर्यंत तिथून हलायचेच नाही. दोन टिंबं झाली की दोरीमामाला, तीन झाली तर मोठ्या साहेबांनासुद्धा सांगायचे. दुसऱ्यांदा फोन कोण करतं? ज्याला भीती वाटते तो." काकू थांबल्या. "का गं? काय झालं?"

"हे कुठे लिहून ठेवलं होतं का?"

"उठणं कोण लिहून ठेवतं?"

बाईंनी फोन ठेवला आणि दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवून बसल्या. रजिस्टरात काय दिसत होतं? पहिला फोन, एक भेट, ओळ बंद. दुसऱ्या फोनने काहीच घडत नाही. पंधरा वर्षांच्या लाखभर नोंदींनी जावयाला शिकवलं होतं की पुन्हा आलेल्या फोनला काही किंमत नसते. आणि तो ते मुकाट्याने, मन लावून शिकला होता.

"जोडलेल्या सगळ्या काढ," त्यांनी सासूबाईला सांगितलं. "नऊ महिन्यांच्या."

अकराशे चाळीस निघाल्या. बहुतेक निरुपद्रवी होत्या. एकच दिवा गेला म्हणून चार मजल्यांवरून चार फोन. ज्या ठिकाणी मागच्या तक्रारीपेक्षा पुढची वाढलेली होती अशा तेवढ्या वेगळ्या करायला बारा वाजले. सदतीस लिफ्ट. यादीत जास्त फोनांची वरती. आत्याची पाचवी होती. सगळ्यात वर एक चार मजली इमारत होती, तिच्या नावावर एकोणीस.

दोरीमामांना बोलावलं. सगळ्यात जुने मेकॅनिक. लोखंडी दोऱ्यांवरून नुसता हात फिरवून त्यांना दोरीचं वय कळायचं, म्हणून दोरीमामा. त्यांना वाचायला चष्मा लागे आणि तो कधीच जवळ नसे, म्हणून सासूबाई वाचत गेली आणि ते मान हलवत गेले. "ही चालेल. ही उद्या बघू. ही बंद करा." एकोणीसवाल्या इमारतीच्या सहाव्या तक्रारीलाच त्यांनी हात वर केला. "पुरे. बंद. पुढची घ्या."

असं करता करता दोन वाजले. नऊ लिफ्ट ताबडतोब बंद करायच्या ठरल्या.

"मॅडम, आधी काकू माझ्या मानगुटीवर बसायच्या," दोरीमामा म्हणाले. "मी मनातल्या मनात शिव्या द्यायचो त्यांना. आता मोबाईलवर यादी येते. यादी काही मानगुटीवर बसत नाही." मग ते दाराशी थांबले. "तर ह्या नऊ आत्ताच बंद करू ना?"

लिफ्ट बंद करायचा अधिकार गुणवत्ता प्रमुखाचा. एक अर्ज, एक सही, आणि एक कारणाचा रकाना. तो रकाना त्या इमारतीलाही जातो आणि कंपनीच्या दप्तरातही कायमचा राहतो. चक्रीबाईंनी अर्जाकडे पाहिलं. कारण काय लिहायचं? खरं लिहिलं तर अकरा कागद खोटे पडत होते.

"चारला साहेबांशी बोलते," त्या म्हणाल्या. "मग एकदमच करू. नीट करू."

दोरीमामांनी बॅग या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. "यादीत पाचवी आहे ती तुमच्या आत्याबाईंची ना?"

"हो."

"त्यांना कधी सांगितलंत?"

"साडेदहाला."

दोरीमामांनी मान हलवली. रागाने नाही, आरोपानेही नाही, नुसती ऐकल्याची. आणि ते खाली जाऊन गाडीपाशी उभे राहिले.

त्यानंतरची वीस मिनिटं चक्रीबाईंना पुढे कधीही विसरता आली नाहीत. त्या अर्ज समोर घेऊन नुसत्या बसून राहिल्या. फोन वाजला की पहिल्याच घंटीला उचलायच्या. एकदा टपालवाला होता, एकदा चुकीचा नंबर. नऊ इमारतींमधली माणसं त्या वेळात खरेदीच्या पिशव्या घेऊन, पोरं कडेवर घेऊन आत शिरत होती, बाहेर पडत होती, आणि आत पाऊल टाकू नका हे बाईंनी फक्त स्वतःच्या आत्याला सांगितलं होतं. स्वतःची त्यांना इतकी लाज वाटली की खोलीत कोणी नसतानाही त्यांनी मान खाली घातली. मग पेन उचललं आणि नऊ वेळा एकच कारण लिहिलं: आमची तपासणी चुकीची होती. नऊ सह्या केल्या. खिडकीतून खाली हात हलवला, आणि दोरीमामांची गाडी निघाली. नऊही इमारतींच्या पहारेकऱ्यांना सासूबाई एकीकडून आणि बाई दुसरीकडून फोन करत सुटल्या: लिफ्ट तळाला आणा, दाराला पाटी लावा, कोणालाही जाऊ देऊ नका.

चारला मीटिंगच्या खोलीत धाकटे साहेब बसले होते. मोठ्या साहेबांचे चिरंजीव, चाळिशीचे, शिकलेले, आणि खरं सांगायचं तर वाईट माणूस नव्हेत. त्यांच्यापुढे बारावा कागद तयार होता आणि शेजारी पेनसुद्धा टोपण काढून ठेवलं होतं.

बाईंनी सगळं सांगितलं. साहेबांनी मध्ये न बोलता ऐकून घेतलं.

"एकूण तक्रारींच्या किती टक्के होतात हे?" त्यांनी विचारलं.

"टक्के निघत नाहीत, साहेब. आपण हे मोजलेलंच नाही."

"बरं. लिफ्ट बंद केल्यात, उत्तम केलंत. चूक सापडली याचा अर्थ चक्र काम करतंय. म्हणजे तुमचीच पद्धत जिंकली, मॅडम." ते हसले, आणि त्या हसण्यात खोट नव्हती. "ही दुरुस्ती तेराव्या चक्रात घ्या. बाराव्यावर सही करा. सगळ्या शाखांची तयारी झालीय, लोकांच्या बदल्या निघाल्यात. तुम्हीच म्हणता ना, सुधारणा एका दमात होत नसते."

बाईंना वाटलं, आपलीच जीभ कोणीतरी उसनी घेऊन आपल्याशी बोलतंय. हे वाक्य त्यांनी किती जणांच्या तोंडावर फेकलं असेल. लोक पोटतिडकीने काही सांगायला यायचे आणि त्या म्हणायच्या, पुढच्या चक्रात. चक्र फिरत राहतं, म्हणून आज कोणी काही करायला नको. चार भागांचा तो गोल त्यांना आयुष्यात पहिल्यांदा पळवाटेसारखा दिसला.

"आणि ते कारण," साहेब पुढे म्हणाले, "तेवढं बदला. नियमित देखभाल असं लिहा. तपासणी चुकीची होती म्हणजे कोणाची? अकरा सह्या तुमच्या आहेत."

"माझ्याच आहेत."

"बढतीचा कागद माझ्याकडे आहे, मॅडम. मी तुमच्या विरोधात नाही. मी तुम्हाला वाचवतोय."

"कळतंय मला ते," बाई म्हणाल्या, आणि त्यांना खरंच कळत होतं. म्हणूनच भीती जास्त वाटत होती. बावीस वर्षं या खोलीत त्यांनी कोणाला नाही म्हटलं नव्हतं. त्यांनी यादी पुढे ओढली. "सही करायच्या आधी एका इमारतीचं वाचून दाखवते. मग तुम्ही म्हणाल तसं."

त्या एकोणीसवाल्या इमारतीचं वाचू लागल्या. पहिली: लिफ्ट बोटभर वर थांबते. दुसरी: दोन बोटं वर थांबते, आधी सांगितलं होतं. चौथी: कोणी आलं नाही. सहावी: दार उघडं असताना हलली. इथवरच दोरीमामांनी ऐकलं होतं. पुढच्या कोणी वाचल्याच नव्हत्या, बाईंनीही नाही. त्या वाचत गेल्या. नववी: माझे वडील वयस्कर आहेत, कृपा करा. अकरावी. बारावी. तेरावी.

चौदावी त्यांनी वाचायला घेतली आणि मध्येच कागद खाली ठेवला. पाणी प्यायल्या. पुन्हा सुरुवात केली.

"चौदावी. वडील बाहेर पडताना लिफ्ट सरकली आणि ते पडले. खुब्याचं हाड मोडलं आहे. आता तरी कोणाला पाठवा." त्यांनी तिच्याखालची जावयाची नोंदही वाचली. "तोच बिघाड. जोडली. निवारण झाल्याचा निरोप पाठवला."

धाकट्या साहेबांनी पेनाचं टोपण लावलं.

"हे कधीचं?" त्यांनी विचारलं.

"सात आठवड्यांपूर्वीचं. दहाव्या चक्रात. त्या चक्रात आपले पन्नासच्या पन्नास बरोबर आले होते." बाईंनी अकरा कागदांचा गठ्ठा काढला. प्रत्येकावर "तपासा" या भागातली आपली सही खोडली, शेजारी लिहिलं, तपासलेलं नाही, आणि खाली पुन्हा सही केली. अकरा वेळा. बारावा कागद कोराच साहेबांकडे सरकवला. "जावई शाखांत जाणार नाही. दुसऱ्यांदा आलेला प्रत्येक फोन माणूस ऐकेल, आजपासून. कोणाला बसवायचं ते ठरेपर्यंत मी बसते."

"तुमच्या खुर्चीचाही विचार करावा लागेल मग," साहेब हळूच म्हणाले.

"करा, साहेब."

बाई खोलीतून बाहेर आल्या. त्यांच्या टेबलावर फोन वाजत होता. दोरीमामा त्या एकोणीसवाल्या इमारतीतून बोलत होते. ब्रेकचे पट्टे झिजून कागदासारखे झाले होते. महिनाभर निघाला हेच नवल, म्हणाले. आणखी काही म्हणाले नाहीत. आत्याचाही निरोप होता: लिफ्ट बंद केलीस म्हणून खाली पाटी लावलीय म्हणे. सहाव्या मजल्यावर कैदेत ठेवल्याबद्दल आभारी आहे. जेवण घेऊन ये.

बाईंनी पंधरावीपासूनच्या तक्रारी वाचल्या आणि शेवटची, एकोणिसावी, समोर घेतली. सहा दिवसांपूर्वीची. आम्ही आता जिनाच वापरतो. मेकॅनिक नको. कोणी ऐकतं आहे का, तेवढं सांगा. खाली नंबर होता. त्यांनी तो फिरवला.

फोन उचलला गेला. हॅलो कोणी म्हटलं नाही.

"लिफ्ट कंपनीतून बोलतेय," चक्रीबाई म्हणाल्या.

"होय," एका बाईचा आवाज आला. सपाट, शब्द तोडून तोडून. "लिफ्ट. जुनी तक्रार. होय."

चक्रीबाईंना आधी कळलंच नाही. मग कळलं. लांब वाक्य बोललं की जावई म्हणायचा, माफ करा, समजलं नाही. एकोणीस फोनांत ही बाई त्याला समजेल असं बोलायला शिकली होती.

"ताई, मी मशीन नाही. मी माणूस बोलतेय. तुमच्या तक्रारी मी आज वाचल्या."

पलीकडे कुठेतरी एक भांडं खाली ठेवल्याचा आवाज.

"सगळ्या?"

"सगळ्या."

"चौदावीपण?"

"हो. तपासायचं काम माझं होतं. मी ते केलं नाही. चूक माझी आहे."

आता ही ओरडेल, रडेल, म्हणून चक्रीबाईंनी अंग चोरून घेतलं होतं. ती ओरडली नाही. तिने फोन तोंडापासून दूर धरून आत हाक मारली, "बाबा, कंपनीचा फोन आलाय. माणसाचा आहे. बोलता का?"

फोन एका हातातून दुसऱ्या हातात जायला वेळ लागला. काहीतरी सरकवलं गेलं, कोणीतरी कण्हलं. मग एका म्हाताऱ्या माणसाने घसा साफ केला.

"मला एवढंच विचारायचंय," तो म्हणाला. "माझ्यानंतर तिथे आणखी कोणी पडलं नाही ना?"

नाही, हा शब्द चक्रीबाईंच्या ओठांवर आला होता. त्यांनी तो गिळला. "एक मिनिट थांबा, आजोबा," त्या म्हणाल्या, आणि कागद पुढे ओढून पंधरावीपासून एकोणिसावीपर्यंत एकेक तक्रार बोट ठेवून पुन्हा वाचली. मगच त्यांनी उत्तर दिलं, "नाही, आजोबा. तक्रारींत तसं कुठे नाही."